संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी

मांडवगण फराटा,
रविवार, दुपार

प्रिय अनुपमा,

तू माझा फोन उचलणार नाहीस, हे आता मी धरून चालले आहे. मेसेज टाकला की निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचतेस, आणि पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, वाचणाऱ्याने अर्ध्यावर चुरगाळून फेकलं तरी लिहिणाऱ्याला ते दिसत नाही. तुझ्या आईच्या हाती दिलं असतं तर ते लवकर पोचलं असतं, पण यातलं सगळंच तिने वाचावं असं मला वाटत नाही. तेव्हा पोस्टानेच तुझ्या मावशीच्या पत्त्यावर पाठवते आहे. दौंडचा तो भाग मला चांगला माहीत आहे. पोस्टमन तिथे दुपारी येतो, निदान पूर्वी तरी यायचा.

तुझी आई गुरुवारी शाळेत आली होती. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, आत येईना. मी बाहेर गेले तशी पिशवीतून फाईल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मॅडम, गर्भाची पिशवीच न्हाई म्हंत्यात डॉक्टर. आता पोरीचं व्हायचं कसं?" मग कळलं की सोनोग्राफी दिवाळीतच झाली, आणि त्याच आठवड्यात तू कपड्यांची बॅग घेऊन मावशीकडे गेलीस ती आलीच नाहीस. बारावीचं प्रॅक्टिकल जानेवारीच्या शेवटाला आहे आणि तू सांगितलंयस की मी परीक्षेला बसणार नाही, मला कुणाला तोंड दाखवायचं नाही. मावशी काही समजवायला गेली तर म्हणालीस, "मी बाईच न्हाई तर मला बाईच्या जातीचं काय सांगतीस?" हे तुझ्या आईने मला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आलं. मला राग आला. तुझा नाही, तिचाही नाही, कुणाचा ते सांगता येत नाही.

माझ्यावर तुझा राग असणार, आणि तो बरोबर आहे. तू अकरावीत असताना मीच तुझ्या आईला म्हटलं होतं की हिला एकदा डॉक्टरला दाखवा. तिने वर्षभर टाळलं, मी वर्षभर मागे लागले. मी गप्प बसले असते तर तू आज वर्गात असतीस, पहिल्या बाकावर, तेजश्रीच्या शेजारी, आणि काहीच बदललं नसतं असं तुला वाटत असेल. तुझी जागा तेजश्री कुणाला देत नाही. त्यावर ती आपलं दप्तर ठेवते. परवा एका मुलीने दप्तर उचललं तर हिने असं पाहिलं की ती बिचारी मागच्या बाकावर जाऊन बसली.

बाकी गावात नेहमीचंच. कारखाने सुरू झाले आहेत, उसाच्या ट्रॉल्या दिवसभर गाणी लावून जातात आणि माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. ऊसतोड कामगारांची पोरं प्राथमिकच्या वर्गात आली आहेत. नदीकडच्या वस्तीवर पुन्हा बिबट्या दिसला, त्यामुळे शाळा लवकर सुटते आणि पोरांना न्यायला बाप येतात. जे बाप वर्षात एकदाही शाळेची पायरी चढत नव्हते ते आता रोज फाटकाशी मोटारसायकल लावून उभे असतात, हे बिबट्याचे उपकारच म्हणायचे. मीही उजेडातच घरी येते. दार लावलं की संध्याकाळ फार मोठी होते. टीव्ही लावते, पण बघत नाही. दोन भाकरी टाकायच्या म्हणून टाकते आणि एकच खाते.

यंदा दहावीला प्रजननाचा धडा आठ दिवसांपूर्वी घेतला. तुला तुमच्या वेळचा आठवत असेल. मी या शाळेत आले तेव्हा तो धडा घेण्याची एक पद्धत होती. त्या तासाला हौशीराम सर मुलांना कबड्डीला मैदानावर घेऊन जायचे, मी मुलींना प्रयोगशाळेत नेऊन पडदे ओढायचे, आणि मुलांना सांगायचं, धडा घरी वाचून या. घरी कोण वाचतो? ज्या वर्षी मी मुलामुलींना एकत्र बसवून धडा घेतला त्या वर्षी पोपटराव चार माणसं घेऊन शाळेत आले. ते तेव्हा शाळा समितीवर होते. "मॅडम, आमच्या पोरांना आत्तापासनं ह्ये असलं कशापायी शिकवताय?" मी त्यांना विचारलं की तुमच्या गोठ्यात गाय माजावर आली की डॉक्टरला फोन कोण करतं? ते म्हणाले, ह्योच करतोय की, आणि आपल्या नववीतल्या पोराकडे बोट दाखवलं. मग स्वतःच हसले आणि चहा पिऊन गेले. तेव्हापासून माझ्या तासाला कुणी मैदानावर जात नाही. पोरं पहिली दहा मिनिटं खिदळतात, मग वह्या उघडून आकृती काढायला लागतात.

तुमच्या वर्गात त्या दिवशी तू हात वर केला होतास. विचारलं होतंस, "मॅडम, पाळी सगळ्याच मुलींना येते का?" मागची पोरं हसली. मी म्हटलं, बहुतेक मुलींना येते. हे ‘बहुतेक’ मी दरवर्षी म्हणते, ते म्हणताना एका कुणाच्यातरी चेहऱ्याकडे पाहायचं असतं मला, कुणाच्या ते दरवर्षी माहीत नसतं. तुझा चेहरा मात्र मी पाहिला. तू मान खाली घालून आकृतीखाली नावं लिहायला लागलीस, आणि तुझं अक्षर, जे एरवी छापल्यासारखं असतं, त्या पानावर तिरकं गेलं होतं.

त्याच उन्हाळ्यात मुक्ताबाई आजी स्वतः माझ्या दारात आल्या. "नातीला न्हाण आलंय मॅडम, जेवायला या." तुमच्या अंगणात मखर सजवला होता. तुला हिरवी साडी नेसवली होती, मामाने आणलेली. ओटीत नारळ, गळ्यात फुलांचे हार, बायका गाणी म्हणत होत्या आणि पुरणपोळीची पंगत चालू होती. माझ्या हातात कुणीतरी मोबाईल दिला आणि म्हणालं, मॅडम, तुम्ही फोटो काढा. मी काढले. प्रत्येक फोटोत तू आईकडे पाहत होतीस, आणि आई दुसरीकडेच पाहत होती. आळीतल्या सगळ्या मुलींची न्हाणं होऊन गेली होती, लोक विचारायला लागले होते, आणि आजींच्या मनाने घेतलं की एकदा कार्य उरकून टाकलं की देव मागाहून पुरवून घेईल. हे आता तुझ्या आईने सांगितलं. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला ते वर्ष सरायच्या आत कळलं होतं, आणि कसं कळलं ते तुला सांगते.

प्रयोगशाळेतल्या सरस्वतीच्या फोटोला रोज सकाळी फूल वाहायचं काम तुझं होतं. अकरावीला आलीस आणि महिन्यातून चार दिवस तू फुलांची पिशवी लांबून तेजश्रीकडे द्यायला लागलीस. मी तुम्हाला घसा कोरडा करून सांगत आले की विटाळ वगैरे काही नसतं, फोटोला काही कळत नाही, तरी तुम्ही पोरी आपलं तेच करता, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मग एकदा माझा संकष्टीचा उपास होता. उपास सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पिशवी तेजश्रीला दिलीस. पुढच्या महिन्यात पुन्हा संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या पुढच्या महिन्यातही. एक दिवस पुढे नाही, एक दिवस मागे नाही. परीक्षा असो, ताप असो, तुमची सहल असो. अगं, पाटसहून येणारी एसटी कधी वेळेवर येत नाही, आणि शरीर येणार? कोवळ्या वयात तर ते कसंही वागतं. तुझ्या आईने संकष्टी धरली, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात ती पटकन सापडते. आईने चटई टाकायची, तू त्यावर बसायचं, आणि आजींनी शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायचं, शिवू नगं गं तिला.

हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, याचं कारण हुशारी नाही. माझी आई अमावास्या धरायची.

थांबून पुन्हा वाच हवं तर. मलाही हे वाक्य लिहून उठावं लागलं. दोन घोट पाणी प्यायले आणि परत बसले.

मी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. वडील पॉइंट्समन होते. सोळावं सरलं, सतरावं लागलं, बाकी अंग सगळं मुलींसारखं भरलं, पण तेवढं एक आलं नाही. नळावर बायका विचारायच्या. आईने मला काही विचारलं नाही, सांगितलं नाही, एका अमावास्येला सकाळी मागच्या खोलीत चटई टाकली आणि म्हणाली, बस. मी बसले. वेगळं ताट, वेगळा तांब्या, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ. तिने अमावास्या धरली, कारण ती लक्षात राहायला सोपी. त्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. थोड्याच महिन्यांत नळावर कुजबूज सुरू झाली की कालिंदीला दर अवसेला येतं, बाहेरचं हाय कायतरी. एका शेजारणीने आपणहून देवऋषी आणला. त्याने माझ्यावरून लिंबू उतरवला, अंगारा लावला, आणि जी गोष्ट मुळात येतच नव्हती ती अमावास्येला येऊ नये म्हणून बंदोबस्त केला. आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यापासून तिने वडिलांच्या पगाराचा दिवस धरला.

बीएस्सीला पुण्यात असताना मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, मग शिकाऊ मुलामुलींना आत बोलावलं आणि माझ्या अंगाकडे बोट दाखवत त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं. मला सांगायचं राहून गेलं. मी ते त्यांच्या बोलण्यातून ऐकून समजून घेतलं आणि पॅसेंजरने घरी आले. आईला सांगितलं, आई, मला गर्भाशयच नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, कुणाला सांगू नकोस. आणि अनुपमा, त्या महिन्यात तिने पुन्हा चटई टाकली. सगळं ठाऊक असूनही. मीही बसले. इथे नोकरी लागून वेगळी राहीपर्यंत, सुट्टीला घरी गेले की बसत गेले. दोघींपैकी कुणालाच थांबवता येईना. पन्नाशीला पोचले तेव्हा आईने हळूच सांगितलं, आता कुणी विचारलं तर गेलं म्हणून सांग. तेवढं एकदा आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो, आणि मग ती रडली.

तुझी फाईल मी दोनदा वाचली. अंडाशयं दोन्ही जागच्या जागी आहेत, त्यांचं काम नीट चालू आहे, तू वाढलीस ती त्यांच्याच जोरावर. गर्भाशय तेवढं तयार झालेलं नाही. ते तू आईच्या पोटात असताना, पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ठरून गेलं. आजी म्हणतात तुझ्या आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. तसं काही नसतं, आणि तुझ्या आईला हे तूच सांग, ती अठरा वर्षांची झालेल्या मुलीसमोर आता स्वतःला गुन्हेगार समजून वावरते आहे. लग्न, संसार, मूल, या प्रत्येकाला आज वाटा आहेत. उपचारही आहेत, आणि ते घाईने कुणाच्या सांगण्यावरून करायचे नसतात. तुला हवं तेव्हा, हवं तरच. पुण्याला एक चांगल्या डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडे मी तुझ्याबरोबर येईन. त्या जे असेल ते आधी तुलाच सांगतील, मग दुसऱ्यांना.

बाई आहेस की नाहीस, याबद्दल मात्र मला भांडायचं आहे तुझ्याशी. आपल्याच शाळेतली एकजण मला दरवर्षी भेटायला येते. शाळेत होती तेव्हा तिचं नाव मुलाचं होतं, मुलांच्या रांगेत उभी राहायची. आता तिचं नाव सुलक्षणा आहे, रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, आणि ते नाव मिळवण्यासाठी तिने काय काय सोसलं ते ती चहा पिता पिता असं सांगते की माझा चहा गार होतो. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर्गात म्हणाला होता, शरीर एक सांगतं आणि मन येगळं सांगू शकतं, आन् दोन्ही खोटं नसतं. ते एवढंच मी धरून ऱ्हायले." तिच्याही पोटात गर्भाशय नाही. ती बाई आहे, आणि ते तिला कुणी मखरात बसवून सांगितलेलं नाही. माझा धडा तिला उपयोगी पडला. मला स्वतःला तो पटायला माझी पन्नाशी यावी लागली. तू एवढं थांबू नकोस.

गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते तू ऐकलं असशील. मॅडमनी लग्न केलं नाही, शाळेला वाहून घेतलं. गेल्या वर्षी पतसंस्थेने माझा सत्कार केला, शाल दिली, आणि माईकवर तेच सांगितलं. मी शाल पांघरून बसले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. केडगावचं एक चांगलं स्थळ आलं होतं मला. मुलगा मला आवडला होता. आई म्हणाली, काही सांगू नकोस, नकार कळव. मी कारण न देता नकार कळवला. खरं कळूनही तो लग्नाला तयार झाला असता की नसता, मला माहीत नाही. मी त्याला ठरवूच दिलं नाही. कुणाचं डोहाळजेवण असो, बारसं असो, मला आदराने बोलावतात, खुर्ची देतात, आणि ओटी भरायची वेळ आली की माझ्या हातात मोबाईल देतात. इतक्या घरांत मी काढलेले फोटो आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत मी नाही. लोक वाईट नाहीत. त्यांना मी जे सांगितलं तेच त्यांनी खरं मानलं.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मॅडम मला धीर द्यायला लिहीत आहेत. तसंच मनात धरून मी बसले होते. पण आता खरं सांगते. चार-पाच हजार मुलींमागे एखादी अशी असते, हे मी पुस्तकात वाचलं तेव्हापासून दर जूनला नव्या वर्गात पाऊल टाकताना मी तिला शोधत आले. बहुतेक हा शब्द तिच्यासाठी म्हणत आले. आई गेल्या श्रावणात गेली. तिच्याबरोबर हे जाणणारं माणूसच या जगातून गेलं, आणि तेव्हापासून मला घरात बोलायला कुणी उरलेलं नाही एवढंच नाही, मी कोण आहे हे ठाऊक असलेलं कुणी उरलेलं नाही. गुरुवारी तुझ्या आईने ती फाईल हातात दिली आणि मी वाचली, तेव्हा मला तुझ्यासाठी वाईट वाटलं, पण त्याच्या आधी, एक क्षणभर, मला आनंद झाला. त्याची मला लाज वाटते आणि तरी तो अजून गेलेला नाही. येत्या रविवारी मी दौंडला येते आहे. परीक्षेचं मी एक अक्षर बोलणार नाही, ते तुझं तू ठरव. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मावशीला सांग मॅडमना चहा दे आणि तू नुसती समोर बस. मला आयुष्यात एकदा माझ्यासारख्या कुणाच्यातरी समोर बसायचं आहे.

तुझीच,
कालिंदी